बंगईला टांगलेली मोटारसायकल

रविवारी सकाळी साडेआठ वाजता शालिग्राम पिंपळापुरे यांनी आपल्या मोटारसायकलीला गॅरेजमधल्या बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, चारही साखळ्या अडकवल्या, वही उघडून पाचव्यांदा पाहिलं आणि शेजारच्या श्यामकांतला विचारलं, "आपलं काही चुकत तर नाही ना?"

"चुकते कसं बापा? मी रेल्वेत होतो," श्यामकांत म्हणाला. "डबे उचलले आम्ही, डबे! हे तर काय, सायकलची मोठी बहीण."

श्यामकांत रेल्वेत होता हे खरं. तो पार्सल ऑफिसात पावत्या फाडत होता हेही शालिग्रामना माहीत होतं. पण सुटीच्या दिवशी सकाळी विटा उचलायला आलेल्या माणसाला असं काही बोलून दाखवणं त्यांना जमलं नसतं. एकूणच, बोलून दाखवणं हा त्यांचा प्रांत नव्हता. रायपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. यंत्रांवरची हजारो पुस्तकं त्यांच्या हातांखालून गेली. यंत्र एकही गेलं नाही. घरातला बल्ब बदलायचा तर प्रेमलाबाई स्टुलावर चढत आणि शालिग्राम खाली उभे राहून बल्बच्या खोक्यावरच्या सूचना वाचून दाखवत.

मोटारसायकल मात्र त्यांची होती. पंधरा वर्षांपूर्वी, छप्पन्नाव्या वर्षी, कोणालाही न विचारता त्यांनी केलेली ती आयुष्यातली एकमेव खरेदी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिच्यावर बसून नव्या रायपूरला जात, तिथल्या एखाद्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला झाड शोधत, त्याखाली दोन तास पुस्तक वाचत आणि परत येत. मुलाचं, शेखरचं, यावर म्हणणं असं, की झाडाखाली वाचायला वीस किलोमीटर जायचं असेल तर घरी पंखा कशाला लावला?

आता गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली होती. सोमवारी साडेदहाला परिवहन कार्यालयात तपासणी होती. पास झाली तर आणखी पाच वर्षं.

"आणि नाही झाली तर अभनपूरचा एक माणूस घेऊन जाईल," शेखरने सांगून टाकलं होतं. "मी त्याले शब्द दिला आहे, बाबा. आता पुरे झालं. कुठं जायचं असलं तर मले सांगत जा. मी नेतो नं गाडीतून."

शेखरला सांगायचं, मग शेखरने सवड काढायची, मग शेखरने गाडीत बसल्यावर विचारायचं, की तिकडे नेमकं काम काय आहे. झाडाखाली वाचायचं आहे, हे उत्तर शालिग्रामनी मनातल्या मनात अनेकदा म्हणून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वाईट वाटलं.

अडचण एकच होती, मागचा ब्रेक. नाक्यावरच्या मिस्त्रीने गाडीकडे आणि मग शालिग्रामकडे बघून म्हटलं होतं, "अंकलजी, अब इसको आराम दो. आपको भी."

पहिलं वाक्य शालिग्रामनी मान हलवून ऐकून घेतलं. दुसऱ्या वाक्याने त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी ते नवे ब्रेक शू विकत घेऊन आले आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: "मागचे चाक स्वतः काढणे."

मागचं चाक काढायचं तर गाडी उचलायला हवी. डबल स्टँडची एक तंगडी गंजून केव्हाच तुटली होती. मग पाच दिवस वाचन झालं. वहीची एकोणीस पानं भरली. त्यातल्या एका वाक्याखाली दोन रेघा होत्या: भार ज्याला टांगायचा, तो आधार त्याहून जास्त भार सहन करतो याची आधी खात्री करावी. हे वाक्य लिहून शालिग्रामनी मान वर केली, आणि त्यांना गॅरेजच्या छतात बंगईच्या चार कड्या दिसल्या.

घर बांधताना स्लॅब पडत होता, तेव्हा प्रेमलाबाई दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या होत्या. गॅरेजमध्ये गाडी येईल तेव्हा येईल, आधी बंगई, असं म्हणून त्यांनी मुख्य सळयांना या कड्या बांधून घेतल्या होत्या. चार साखळ्यांची ती सागवानी फळी गेली तीस वर्षं तिथे झुलत होती. ओळखीच्या निम्म्या मराठी घरांतल्या लेकी-सुनांची डोहाळजेवणं तिच्यावर झाली होती. आणि आजही घरात डोहाळजेवणच होतं, सुनेचं, पायलचं. पण ते संध्याकाळी पाचला, गच्चीवर, भाड्याच्या झुल्यावर. फोटो चांगले येतात म्हणून शेखरने तो पांढरा, कागदी फुलांचा झुला ठरवला होता. प्रेमलाबाई त्या दिवसापासून शेखरशी कामापुरतंच बोलत होत्या.

म्हणजे बंगई आज मोकळी होती. शालिग्रामनी फळी काढून भिंतीला टेकवली. एका जुन्या शेल्फच्या फळ्यांचा उतार करून दोघांनी गाडी विटांच्या थरावर चढवली. दोन साखळ्या हँडलखालून, दोन सीटखालच्या सांगाड्यातून, रंगाला चरे पडू नयेत म्हणून चादरीच्या चिंध्या गुंडाळून. मग विटा एकेक करून काढल्या.

शेवटची वीट निघाली आणि मोटारसायकल जमिनीपासून वीतभर वर तरंगत राहिली.

शालिग्रामनी खाली वाकून चाकाखालून हात फिरवून पाहिला. त्यांनी वाचलेली गोष्ट पहिल्यांदाच पुस्तकाबाहेर घडली होती.

"पाहा!" श्यामकांत म्हणाला. "म्हटलं होतं का नाही?"

खरी गंमत पुढे होती. बंगई ही झुलण्यासाठी असते, हे वहीत कुठेही नव्हतं. पाना लावून जोर दिला, की नट जागच्या जागी राही आणि गाडी झोका घेई. श्यामकांतने पुढून हँडल धरलं, तर गाडी श्यामकांतला घेऊन झोका घेई. शेवटी श्यामकांत भिंतीला पाठ लावून, पाय रोवून, गाडीला मिठी मारून उभा राहिला आणि साडेअकराला मागचं चाक बाहेर आलं. दोघांच्याही सदऱ्यांचा मूळ रंग सांगणं आता कठीण होतं.

बाराला घरात फोन वाजला. सजावटवाल्याचा होता. काल रात्रीच्या कार्यक्रमात झुल्याचा खांब वाकला होता, आज काही झुला येऊ शकत नव्हता.

प्रेमलाबाईंना इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

"बरं झालं!" त्या गच्चीवरच्या शेखरला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाल्या. "म्हटलं नं मी, घरची बंगई असताना ते थर्मोकोल काहून पाहिजे?" आणि एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात झेंडूच्या माळा घेऊन त्यांनी गॅरेजचं अर्धं शटर वर सारलं.

माळा खाली पडल्या.

"अहो! हे काय करून राहिले तुम्ही?"

"मागचा ब्रेक," शालिग्राम म्हणाले. प्रश्नाला हे उत्तर अपुरं आहे हे त्यांना जाणवलं. "वेगळीकडे टांगता आली असती कदाचित. पण आधार..."

"माझ्या बंगईले गाडी टांगली?"

"फळी काढून ठेवली आहे नीट. तिला काही झालं नाही."

"श्यामकांतभाऊ, तुम्हाले तरी समजत होतं का नाही?"

"वहिनी, मी नुसता धरून उभा होतो," श्यामकांत म्हणाला. "आमच्याकडे जेवायला वाट पाहून राहिले." आणि रेल्वेत आयुष्य काढूनही जी चपळाई त्याने कधी दाखवली नव्हती, ती दाखवत तो शटरखालून निघून गेला.

आवाज ऐकून शेखर आला. त्याने टांगलेली गाडी पाहिली, भिंतीला टेकवलेलं चाक पाहिलं, आणि त्याला राग येण्याऐवजी एकदम मार्गच दिसला.

"काही प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "मी अभनपूरला फोन करतो. तो आजच पिकअप घेऊन येईल. गाडी खाली घेऊ, अशीच चढवून देऊ, चाक वेगळं देऊ. उद्याची तपासणी कॅन्सल. आईले बंगई भेटली, बाबांचाही त्रास संपला."

प्रेमलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता बायका येणार होत्या, सहाला मुहूर्त संपत होता.

"नाही," कोणीतरी म्हणालं.

शेखरने आईकडे पाहिलं. त्या घरात नाही म्हणण्याचं काम आईचंच होतं. प्रेमलाबाईंनी शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्रामनीही क्षणभर मागे वळून पाहिलं; पण मागे भिंतच होती.

"काम झाल्याशिवाय गाडी खाली येणार नाही," शालिग्राम म्हणाले. "माझी गाडी आहे. कोणाला द्यायची नाही. फोन करू नको." आणि पुढे काय बोलावं हे वहीत नसल्यामुळे ते स्टूल ओढून गाडीशेजारी बसले आणि त्यांनी एका हाताने सीट धरली. गाडीने त्यांच्यासकट एक हलका झोका घेतला.

"बाबा, तुम्ही ऐकून तर घ्या."

"ऐकलं. नाही."

शेखरने बाहेर जाऊन फोन केलाच. माणूस पाचला येतो म्हणाला.

एवढ्यात पायल खाली आली. पायल माहेरची अभनपूरकडची छत्तीसगढी, मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई. शहराबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ती सेफ्टी ऑफिसर होती. क्रेनवर टांगलेल्या टनावारी लोखंडाखाली कोणी उभं राहू नये, हे बघणं तिचं काम. सातवा महिना लागल्यापासून मात्र तिला घरात पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हते. वाकू नको, चढू नको, धावू नको, हे ऐकून ऐकून तिचा चेहरा पडला होता. तो गॅरेजमध्ये शिरताच उजळला.

"ये किसने टाँगा?"

"मी," शालिग्राम म्हणाले. "चुकलंच असेल काहीतरी."

पायलने कड्या पाहिल्या. साखळीचा एकेक दुवा पाहिला. चिंध्या चाचपून पाहिल्या.

"लोड टेस्ट किया था, बाबा?"

हा प्रश्न आपल्याला कधी कोणी विचारेल अशी शालिग्रामना आशाच नव्हती. त्यांनी घाईघाईने वही उघडून चौदावं पान तिच्यासमोर धरलं. पायलने ते मोठ्याने वाचलं. ती मराठी वाचताना थांबत थांबत, प्रत्येक अक्षर सुटं करून वाचत असे, त्यामुळे शब्द फार स्पष्ट ऐकू येत.

"पुरावा. हरतालिकेच्या दिवशी या बंगईवर एकाच वेळी पुढील व्यक्ती बसल्या. प्रेमला, चौऱ्याहत्तर किलो. श्यामकांतची पत्नी, अंदाजे सत्तर. शर्मिष्ठा, शहाऐंशी. एकूण दोनशे तीस. अवधी चाळीस मिनिटे, झोके चालू. कड्यांस इजा नाही. मोटारसायकल, एकशे पंधरा. सबब सुरक्षित."

सुरक्षित हा शब्द संपायच्या आत शटरमधून आवाज आला.

"शहाऐंशी?"

शालिग्रामची धाकटी बहीण शर्मिष्ठाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, ओटीच्या तांदळाचं भरलेलं सूप दोन्ही हातांत धरून दारात उभ्या होत्या.

"अंदाज आहे," शालिग्राम पुटपुटले.

"वहिनीचा नेमका, शेजारणीचा अंदाजे, आणि माझा? माझ्यापुढं अंदाजे लिहिलं नाही, दादा!"

"तू दवाखान्यात काट्यावर उभी होतीस तेव्हा मी मागे होतो."

"आणि चौऱ्याहत्तर?" प्रेमलाबाईंनी विचारलं. "मी कधी उभी राहिली काट्यावर?"

"बहुत बढ़िया डेटा है, बाबा," पायल मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात खरा आदर होता. "डबल लोड पे टेस्टेड! हमारे ठेकेदार तो इतना भी नहीं करते. बस एक गलती है. लोड झूल रहा है, और नीचे कोई सहारा नहीं. साखळी सरकी तो गाड़ी सीधे आपके पैर पे."

आपल्या चुका शालिग्रामना नेहमीच दिसत. पण चूक एकच आहे, असं त्यांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी सांगत होतं.

पायलने वरून आपली कामाची पिशवी मागवली. तिच्यातून एक लाल पुठ्ठ्याची पाटी काढली. "ख़तरा. काम चालू है." खाली सही केली आणि हँडलला लटकवली.

"अब जब तक काम पूरा नहीं होता, इसको कोई नहीं उतारेगा. जिसने टैग लगाया, वही निकालेगा."

"पायल, ये घर है, फ़ैक्ट्री नहीं," शेखर म्हणाला.

"हव. फ़ैक्ट्री में लोग मेरी बात सुनते हैं." ती खुर्चीत बसली. "वो लकड़ी के गुटके लाओ. इंजन के नीचे लगेंगे. और रस्सी. खिड़की की जाली से बाँधो, दोनों तरफ़. आई, पाँच बजे तक हो जाएगा. मेरी ज़िम्मेदारी."

प्रेमलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सात महिन्यांत त्यांनी तिला दिलेल्या सूचना आठवून पाहिल्या. खुर्चीत बसून हुकूम सोडू नये, अशी त्यात एकही नव्हती.

"पाच म्हणजे पाच," त्या म्हणाल्या आणि माळा उचलून निघून गेल्या.

लाकडी गुटके शेखरला आणावे लागले. दोरही त्यालाच बांधावा लागला, आणि पायलने पहिली गाठ दोनदा सोडायला लावली. गुटके बसल्यावर, दोर ताणल्यावर गाडी अशी थांबली, जशी ती सकाळपासून थांबायला हवी होती. शालिग्रामनी जुने ब्रेक शू काढले. ते इतके झिजले होते की त्यांच्या आरपार वाचता आलं असतं. त्यांनी नवे बसवायला घेतले. आता गाडी झोका घेत नव्हती.

चार वाजता स्प्रिंग उडाली.

ब्रेकच्या दोन शूंना एकत्र धरणारी ती करंगळीएवढी स्प्रिंग शालिग्रामच्या चिमट्यातून सुटली, टण्णकन शटरवर आपटली आणि नाहीशी झाली. तिच्याशिवाय ब्रेक नाही, ब्रेकशिवाय तपासणी नाही, आणि रविवारी संध्याकाळी दुकानं बंद. शेखर कोपऱ्यात जाऊन म्हणाला, "जाऊ द्या नं आता, बाबा." त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. शालिग्राम गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागले. पायलला वाकायची बंदी असल्यामुळे ती खुर्चीतून दिशा सांगत होती. "सामने से टकराई, मतलब पीछे गई होगी. पीछे क्या है?"

मागे शर्मिष्ठाताई होत्या. त्या शहाऐंशीचा निकाल लागेपर्यंत हलणार नव्हत्या. त्यांच्या मांडीवर ओटीच्या तांदळाचं सूप होतं.

"माझ्या तांदळात हात घालायचा नाही," त्या म्हणाल्या. "ते सोवळ्यातले आहेत." मग त्यांनीच बोटं घालून तांदूळ चाळले. खोबऱ्याच्या वाटीखाली, हळकुंडाशेजारी, स्प्रिंग होती. त्यांनी ती चिमटीत धरून भावापुढे केली. पण लगेच सोडली नाही.

"किती किलो, दादा?"

"ऐंशी," शालिग्राम म्हणाले.

चिमूट सुटली नाही.

"अठ्ठ्याहत्तर."

स्प्रिंग मिळाली. चाक बसलं, नट आवळला, पावणेपाच झाले, आणि बायका यायला लागल्या. त्यांनी गॅरेजमध्ये डोकावून पाहिलं, तोंडाला पदर लावले आणि कोणीही घरात जाईना. श्यामकांतही परत आला होता. त्याने आता इस्त्रीचा सदरा घातला होता.

आता गाडी उतरवायची होती. वहीत यासाठी एकच ओळ होती: वरील कृती उलट क्रमाने करावी.

"म्हणजे आधी विटा लावा," श्यामकांत म्हणाला.

"विटा नको, आधी मागची साखळी काढा," शेखर म्हणाला.

"मागची काढली तर नाक वर जाते, पोट्ट्या! रेल्वेत..."

तेवढ्यात अभनपूरचा माणूसही पिकअप घेऊन आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, लाल पाटी वाचली, आणि पुढची साखळी आधी काढावी असं मत दिलं. तिघे पुरुष तीन बाजूंनी उभे राहून बोलू लागले. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. प्रेमलाबाई दारात फळी घेऊन उभ्या होत्या.

"आई," पायलने विचारलं, "ओटी भरायला किती जणी आल्या?" हे तिने मराठीत विचारलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नऊ जणी. काहून?"

"एकशे पंधरा किलो. नौ से भाग दो तो तेरह भी नहीं." ती खुर्चीतून उठली. "तेरह किलो तो गेहूँ का डब्बा होता है."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीने हातातली पर्स प्रेमलाबाईंकडे दिली. दुसरीने पदर खोचला. जरीच्या साड्यांतल्या नऊ सुवासिनी मोटारसायकलीभोवती उभ्या राहिल्या.

"मी मागं धरते," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "मागची बाजू जड आहे, आणि मी शहाऐंशीची आहे नं. काही तरी उपयोग होऊ द्या त्याचा."

"तोल धरून, एकदम. एक बोट वर, बस," पायल म्हणाली. "शेखर, उस पल में गुटके निकालोगे. बाबा साखळी खोलेंगे. गिनती बाबा करेंगे."

शालिग्रामनी घसा खाकरला. "एक, दोन..." ते म्हणाले. ते त्यांनाही नीट ऐकू आलं नाही.

"दादा, जोरात!"

"तपासणी तुमची आहे, जोरात म्हणा!" दारातून प्रेमलाबाई ओरडल्या.

"एक!" शालिग्राम ओरडले. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. "दोन! तीन!"

बांगड्या वाजल्या, गाडी उचलली गेली, गुटके सरकले, चारही साखळ्या सुटल्या, आणि मोटारसायकल इतकी अलगद जमिनीवर आली की तिघा पुरुषांची तोंडं उघडीच राहिली. पायलने पाटी काढली. चार मिनिटांत गाडी बाजूला झाली, फळी वर चढली, माळा लागल्या, आणि सहाला दहा कमी असताना पायल बंगईवर बसली. ओटी भरणाऱ्या प्रत्येकीच्या तळहातावर थोडं ग्रीस होतं. पायलच्या हिरव्या शालूवर ते नऊ ठिकाणी उतरलं. प्रेमलाबाईंनी ते पाहिलं आणि हळदीकुंकवाबरोबर ते चालतं, असा नवा नियम तिथल्या तिथे केला.

अभनपूरचा माणूस पाटवड्या आणि दोन लाडू खाऊन उठला. "कल फेल हुई तो फ़ोन कर देना, भैया," तो शेखरला म्हणाला.

सोमवारी साडेदहाला शालिग्राम कार्यालयाच्या आवारात उभे होते. शेखर गाडी फेल झाल्यास बापाला घरी आणायला म्हणून मागोमाग आपल्या गाडीने आला होता. निरीक्षकाने दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, टाकीवर उमटलेल्या कुंकवाच्या पाच बोटांकडे थोडा वेळ पाहिलं, आणि मग स्वतः गाडीवर बसून आवारात एक चक्कर मारली. मागचा ब्रेक दाबताच गाडी जागच्या जागी खिळली.

"ब्रेक किसने बनाया?"

शालिग्रामच्या ओठांवर सवयीने आलं होतं, की चुकलं असेल काही. त्यांनी ते गिळलं.

"मैंने."

निरीक्षकाने त्यांच्याकडे, मग गाडीकडे पाहिलं आणि कागदावर सही केली. पाच वर्षं. शालिग्रामनी तो कागद दोन्ही हातांत धरला. शेखर हसला, आणि त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त हसला.

"बस, लाइसेंस दिखा दीजिए," खिडकीतला कारकून म्हणाला.

शालिग्रामनी पाकिटातून कार्ड काढून दिलं. कारकुनाने ते उलटून पाहिलं, पुन्हा सुलटून पाहिलं.

"अंकल, गाड़ी पास है. आप एक्सपायर हो. चौदह महीने पहले."

रांगेतली दोन माणसं हसली. शेखरने खिशातला फोन हळूच चाचपला. त्याचा चेहरा एकाच वेळी दुःखी आणि आशावादी दिसत होता.

"आता, बाबा..." तो म्हणाला.

"सालभर से ऊपर हो गया, तो फिर से टेस्ट देना पड़ेगा," कारकून सांगत होता. "डॉक्टर का सर्टिफ़िकेट, और मैदान में आठ का आँकड़ा बनाना होगा. पैर ज़मीन पे नहीं लगना चाहिए. इस उमर में सोच लीजिए."

शालिग्रामनी खरंच विचार केला. मग ते खिडकीजवळ वाकले.

"लेखी भी होती है क्या?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एक आशा होती.

"क्या?"

"लेखी परीक्षा. सवाल-जवाब."

"नहीं अंकल, सिर्फ़ चलाना है."

शालिग्रामना थोडं वाईट वाटलं. तरी त्यांनी वही काढली, कोरं पान उघडलं आणि "आठचा आकडा" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"फॉर्म कुठं भेटते ते विचार," ते शेखरला म्हणाले.

"पण बाबा, आज ही गाडी घरी कोण नेणार?"

"तू. तुझं लायसन्स चालू आहे नं?"

शेखरने आपली कार तिथेच सोडली. वीस वर्षांनी तो मोटारसायकलीवर बसला. शालिग्राम मागे बसले, वही पोटाशी धरून. आवाराच्या फाटकाशी गाडी धक्क्याने थांबली आणि वडिलांची हनुवटी मुलाच्या पाठीवर आपटली.

"हळू दाब," शालिग्राम म्हणाले. "चांगले लागतात ते."